जुन्या रेसिंग गाडीला चाक किती रुंद असावं?

१९६४ साली माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या मिनी कूपर एसचा फोटो बघितला, की आज हसू येतं ते तिच्या चाकांचं. व्यास १० इंच. साध्या मिनीची रिम, म्हणजे टायर ज्यावर चढतो तो धातूचा भाग, तर साडेतीन इंच रुंद होती, म्हणजे मिटलेल्या मुठीएवढी. पुढे याच गाड्या सर्किटवर धावू लागल्या तेव्हा त्याच १० इंची व्यासावर ६ इंच रुंद रिम आल्या, त्या झाकायला मडगार्डांना बाहेरून पट्ट्या जोडाव्या लागल्या, आणि जुनी गाडी शर्यतीसाठी उभी करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला: हिच्यात जास्तीत जास्त किती रुंद चाक बसेल?

हा प्रश्न मुळात उलटीकडून विचारलेला आहे. रुंदी हा हिशेबाच्या शेवटी निघणारा आकडा. आधी शर्यतीचा नियम बघायचा, मग टायर ठरवायचा, मग गाडीतली जागा मोजायची. या तिघांनी मिळून जे शिल्लक ठेवलं ते रिमच्या वाट्याला. शिवाय चाक किती रुंद आहे यापेक्षा ते हबच्या, म्हणजे चाक ज्यावर आवळलं जातं त्या भागाच्या, तुलनेत कुठे बसलं आहे, आत की बाहेर, यावर गाडीचं वागणं जास्त अवलंबून असतं. रुंदी सगळ्यांना दिसते म्हणून तिची चर्चा होते. बसण्याची जागा दिसत नाही, आणि नेमकी तिथेच माणसं फसतात.

रिमवरचे आकडे

रिमवर ‘५½ जे × १३’ असं काहीतरी ठोकलेलं असतं. साडेपाच म्हणजे रुंदी इंचांत, १३ म्हणजे व्यास, आणि ‘जे’ हे रिमच्या काठाच्या आकाराचं नाव. ही रुंदी बाहेरच्या काठापासून काठापर्यंत मोजत नाहीत. टायरची कड, जिला टायरवाले ‘बीड’ म्हणतात, ती रिमवर जिथे टेकते त्या दोन जागांमधलं आतलं अंतर म्हणजे रुंदी. बाहेरून पट्टी लावली तर साधारण एक इंच जास्त भरतं. म्हणून ६ इंची रिम विकत आणून कुणी बाहेरून मोजली आणि ‘ही तर ७ इंची निघाली’ म्हणून खूश झाला, तर त्याचा आनंद फार टिकत नाही.

नियम आधी, हौस नंतर

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संस्थेच्या नियमसंहितेतल्या ‘अपेंडिक्स के’प्रमाणे होतात. त्यात गाड्यांची काळानुसार विभागणी आहे: १९६२ ते १९६५ हा ‘एफ’ कालखंड, १९६६ ते १९६९ हा ‘जी-वन’, आणि असंच पुढे. तत्त्व एवढंच, की गाडी त्या काळात जशी धावत होती तशीच आज धावली पाहिजे. त्या काळच्या होमोलोगेशन फॉर्मवर, म्हणजे गाडीच्या अधिकृत मान्यतेच्या कागदावर, रिमचा व्यास आणि रुंदी नोंदलेली असते, आणि गाडीच्या ‘हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट’मध्ये तीच उतरते. तिथे साडेपाच लिहिलं असेल तर सहा बसवून तपासणीतून सुटण्याची आशा करू नये. तपासणाराही टेप घेऊनच येतो.

स्थानिक क्लबांच्या शर्यतींत नियम सैल असतात. काही ठिकाणी फक्त कमाल रुंदी सांगितलेली असते, काही ठिकाणी ‘टायर मडगार्डच्या बाहेर दिसता कामा नये’ एवढंच. पण सैल नियमातही टायरची यादी बहुतेक वेळा ठरलेली असते, आणि टायर ठरला की रिमचं अर्धं काम आपोआप ठरतं. इंग्लंडमध्ये गुडवुड रिव्हायव्हल भरतं तिथे १९४८ ते १९६६ या काळातल्या गाड्या डनलॉपच्या जुन्या घडणीच्या, उंच, अरुंद, नक्षीदार टायरांवर धावतात. तिथले फोटो बघा. चारही चाकं घसरत, गाडी तिरकी होऊन वळणातून जात असते आणि चालक मजेत असतो. तिथे रुंद रिमला कामच नाही.

रुंद टायर जास्त का पकडतो?

‘जास्त रबर जमिनीला टेकतं म्हणून’ असं उत्तर सगळे देतात. ते अर्धंच खरं आहे. एक ढोबळ हिशेब करून बघू. समजा एका चाकावर २५० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३० पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. तो भार हवेच्या दाबावर तोलायचा तर जमिनीला टेकलेला तुकडा अंदाजे १२० चौरस सेंटिमीटर हवा. टायर १५ सेंटिमीटर रुंद असेल तर हा तुकडा ८ सेंटिमीटर लांब होईल. टायर २० सेंटिमीटर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर लांबी ६ वर येईल. क्षेत्रफळ जिथल्या तिथे! टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे जरा हलतात, पण मुद्दा हलत नाही. रुंदी वाढवून आपण मुख्यतः टेकलेल्या तुकड्याचा आकार बदलतो: लांबट होता तो आडवा होतो.

त्या आडवेपणाचा फायदा आहेच. वळणात टायर जिकडे तोंड करून असतो आणि प्रत्यक्षात जिकडे जातो त्यात थोडा कोन पडतो, त्याला ‘स्लिप अँगल’ म्हणतात. आखूड, आडवा तुकडा कमी कोनातच पूर्ण पकड देतो, त्यामुळे गाडी स्टिअरिंगला चटकन उत्तर देते. मोठ्या टायरवर दाब थोडा कमी ठेवता येतो, आणि उष्णता जास्त रबरावर वाटली जाते म्हणून मऊ रबर वापरता येतं. खरी पकड मुख्यतः या मऊ रबरातून येते.

पण उष्णतेची हीच गोष्ट हलक्या गाडीच्या मुळावर येते. रेसिंगचं रबर तापल्याशिवाय चिकटत नाही. सहा-सातशे किलोच्या गाडीला अवाच्या सवा रुंद टायर घातले, तर शर्यत संपेपर्यंत ते कोमटच राहतात. मग चालक तक्रार करतो की इतके पैसे घालूनही गाडी साबणावरून गेल्यासारखी घसरते. वर वजन वाढलं, फिरवायला जड झालं, सरळ रस्त्यावर हवेला अडथळा वाढला. ज्या इंजिनाची ताकद शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या आसपास आहे, त्याला हे सगळं ओढत न्यायचं असतं.

जुन्या क्रॉसप्लाय टायरांचं वेगळंच गणित आहे. त्यांच्या आतले धागे एकमेकांना तिरके छेदतात, ते जास्त स्लिप अँगलवर काम करतात आणि पकड सोडताना आधी सूचना देतात. त्यांना निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं, फार लागत नाही. रेडियल टायर, ज्याचे धागे तिरके न जाता आडवे सरळ जातात, तो जास्त झुकाव मागतो. त्यामुळे एकाच रिमवर एका दिवशी क्रॉसप्लाय आणि दुसऱ्या दिवशी रेडियल चढवून तुलना करणाऱ्याने सस्पेन्शनची मापंही बदलायची तयारी ठेवावी, नाहीतर ती तुलना टायरांची होत नाही.

टायरला कोणती रिम शोभते

प्रत्येक टायर बनवणारा आपल्या यादीत रिमची किमान आणि कमाल रुंदी देतो, आणि ज्या रिमवर टायर मोजला तीही देतो. ही यादी उघडून बघणं हे सगळ्या लेखातलं सर्वात स्वस्त काम आहे, तरी ते करणारे थोडेच.

रिम अरुंद असली तर टायर फुग्यासारखा फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा मधोमध बाहेर फुगतो, आणि वळणात भिंत लोळून रबर रिमखाली सरकायला बघतं. चालकाला वाटतं स्टिअरिंग आणि चाकांच्या मध्ये कुणीतरी स्पंज ठेवला आहे. रिम फार रुंद असली तर भिंती ताणल्या जातात, टायर कडक होतो, खड्ड्यात रिमचा काठ उघडा पडतो आणि पकड सुटते ती काही न सांगता. शर्यतीतल्या लोकांचा ढोबळ नियम असा, की रिमची रुंदी टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याएवढी असावी, फार तर अर्धा इंच इकडेतिकडे.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा: रिम अर्धा इंच रुंद केली की त्याच टायरची एकूण रुंदी साधारण ५ मिलिमीटरने वाढते. म्हणजे टायर न बदलता नुसती रिम बदलली तरी दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर जागा खाल्ली जाते. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर फट असलेल्या गाडीत हे अडीच मिलिमीटर फार मोठे असतात.

व्यासाचं काय? तो बहुतेक वेळा ब्रेक ठरवतात. मिनी कूपर एसच्या साडेसात इंची डिस्क १० इंची चाकात कशाबशा मावायच्या. १९७४ मध्ये मिनी १२७५ जीटीला ८.४ इंची डिस्क दिल्या तेव्हा चाक १२ इंची करावं लागलं. टायरचा बाहेरचा व्यास बदलला तर गिअरिंगही बदलतं, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं. १८५/७० आर १३ (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ७० टक्के, रिम १३ इंची) टायरचा व्यास हिशेबाने ५८९ मिलिमीटर येतो, २०५/६० आर १३ चा ५७६. दोन टक्क्यांहून थोडा जास्त फरक. तेवढ्याने गाडी लवकर वेग घेते आणि सरळ रस्त्याच्या टोकाला इंजिन तेवढंच लवकर आपल्या कमाल फेऱ्यांना टेकतं.

ऑफसेट: सगळा खेळ इथे आहे

चाक रुंदीच्या बरोबर मधोमध कापलं अशी कल्पना करा. ती मध्यरेषा. आता चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो, तो या मध्यरेषेपासून किती दूर आहे ते मोजा. हे अंतर म्हणजे ऑफसेट. चाकांवर ते ‘ईटी’ या जर्मन अक्षरांनी मिलिमीटरमध्ये लिहितात. टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ईटी धन, आणि असं चाक गाडीच्या आत शिरतं. टेकणारा भाग आतल्या बाजूला असेल तर ईटी ऋण, आणि चाक बाहेर पडतं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या रेसिंग गाड्यांची मागची खोल, ताटासारखी चाकं आठवा. ती कमी किंवा ऋण ऑफसेटची.

उदाहरण घेऊ. गाडीला ६ इंची, ईटी २५ चं चाक आहे. मालकाला ७ इंची, ईटी १५ चं चाक मिळतंय. एक इंच वाढ म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. ऑफसेट १० ने कमी झाला म्हणजे अख्खं चाक १० मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरचा काठ १२.७ अधिक १०, म्हणजे २२.७ मिलिमीटर बाहेर गेला. आतला काठ १२.७ वजा १०, म्हणजे फक्त २.७ मिलिमीटर आत आला. हे चाक मडगार्डला घासेल. आतल्या डॅम्परला (शॉक ॲब्सॉर्बरला) घासण्याची भीती जवळपास नाही. तेच ७ इंची चाक ईटी ३८ चं घेतलं असतं तर बाहेरचा काठ जवळपास होता तिथेच राहिला असता आणि सगळी वाढ आत गेली असती. दोन्ही चाकांवर शिक्का ‘७ इंच’ असाच. एक बसेल, एक बसणार नाही.

म्हणून चाक घेण्याआधी उलटा हिशेब करायचा. सोपा आहे. चाक काढा, हबच्या सपाट तोंडापासून आतल्या सगळ्यात जवळच्या अडथळ्यापर्यंत मोजा, आणि बाहेर मडगार्डच्या ओठापर्यंत मोजा. समजा आत १२५ मिलिमीटर मिळाले, बाहेर ९५. आत १० आणि बाहेर १५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची ठरवली, तर वापरायला उरले आत ११५ आणि बाहेर ८०. दोन्हींची बेरीज १९५: फुगलेल्या टायरची कमाल रुंदी एवढी. आणि आतल्यातून बाहेरचं वजा करून दोनाने भागा, ३५ भागिले २, साडेसतरा: हा तुमचा ऑफसेट. बस्स. या दोन आकड्यांत जे टायर आणि रिम बसतील त्यांतूनच निवड. पोटात मावेल तेवढंच ताटात घ्यावं.

मोजताना रिम धरायची की टायर? टायर. तो रिमपेक्षा बाहेर फुगलेला असतो, आणि घासतो तोच.

मोजायचं कसं

गाडी जॅकवर लटकलेली असताना केलेलं मोजमाप जवळपास निरुपयोगी असतं, कारण शर्यतीत गाडी त्या अवस्थेत नसते. स्प्रिंग काढून टाका, डॅम्पर मोकळा करा, आणि हब हाताने किंवा जॅकने वर-खाली करत नेऊन टोकापासून टोकापर्यंत मोजा. पुढच्या चाकाला त्यात स्टिअरिंगही भर घालतं: पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी सस्पेन्शन वर, मध्ये, खाली. सरळ चाक छान बसतं आणि वळवल्यावर टायरचा मागचा कोपरा चॅसिसच्या रेलला किंवा अँटीरोल बारला, म्हणजे गाडीचं वळणातलं कलणं रोखणाऱ्या दांड्याला, चिकटतो, हे नेहमीचं दुखणं. टायरच्या बाहेरच्या मापाची प्लायवुडची गोल चकती कापून हबवर बोल्ट करून फिरवली तर चाक विकत घेण्याआधीच सगळं कळतं. संशयाच्या जागी मातीचा मऊ गोळा चिकटवा. गाडी फिरवून आणल्यावर तो किती दबला ते बघितलं की वादच मिटतो.

मागे सरळ अखंड ॲक्सल असेल, जसा फोर्ड एस्कॉर्ट किंवा कॉर्टिनाला असतो, तर चाक झुकत नाही, ही सोय. पण लीफ स्प्रिंगवर बसलेला ॲक्सल वळणात बाजूलाही सरकतो, कारण पट्ट्या आडव्या वाकतात. पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला बाजूने धरणारा आडवा दांडा, लावला तर हे सरकणं आटोक्यात येतं, मात्र तो रॉड एका टोकाला धरून कमानीत फिरत असल्यामुळे ॲक्सल वर-खाली होताना थोडा बाजूला जातोच. त्यामुळे मागे आतल्या बाजूला जरा सढळ हाताने जागा सोडावी.

चारही कोपरे वेगवेगळे मोजा. जुन्या गाड्यांची बॉडी डावी-उजवी तंतोतंत सारखी नसते, आणि पन्नास वर्षांत एखादी धडक, एखादं वेल्डिंग झालेलंच असतं. एका बाजूला १५ मिलिमीटर फट आणि दुसऱ्या बाजूला ८ सापडली तर आश्चर्य करू नये. हिशेब आठचा करावा.

ब्रेक कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, हा आणखी एक अडथळा, आणि तो ईटीच्या आकड्यात दिसत नाही. दोन चाकांची रुंदी आणि ऑफसेट अगदी एकसारखे असले तरी एकाचे आरे बाहेर फुगलेले असतात आणि दुसऱ्याचे सपाट. सपाट आरे कॅलिपरला टेकतात. कार्डबोर्डवर कॅलिपरची बाजूची आकृती कापून ठेवा आणि चाक विकणाऱ्याच्या दारात ती चाकाच्या आतून धरून बघा. लोक हसतील, हसू द्या.

चाक बाहेर सरकलं की काय बिघडतं

ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, वाढला की वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारा भार कमी होतो. १३०० मिलिमीटरचा ट्रॅक १३४० केला तर हे भाराचं स्थलांतर साधारण तीन टक्क्यांनी घटतं. टायरचा स्वभाव असा, की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून भार दोन्ही चाकांवर जितका सारखा वाटला जाईल तितकी एकूण पकड जास्त. चाक बाहेर काढण्याचा मोह इथून येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही.

पण पुढच्या चाकाला याची किंमत मोजावी लागते. चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायरच्या मध्यापासून थोड्या अंतरावर जमिनीला भेटते. या अंतराला ‘स्क्रब रेडियस’ म्हणतात. ऑफसेट १० मिलिमीटरने कमी केला की हे अंतर १० मिलिमीटरने वाढतं. हे अंतर म्हणजे एक तरफ आहे. एका चाकाखाली खड्डा आला, किंवा ब्रेक मारताना एक चाक ओल्यावर आणि दुसरं कोरड्यावर असलं, की ही तरफ स्टिअरिंग हातातून हिसकावते. मिनीसारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत इंजिनाची ताकदही याच तरफेवर बसते, आणि वळणातून बाहेर पडताना गॅस दिला की स्टिअरिंग स्वतःच्या मनाने फिरू बघतं. गाडी बनवणाऱ्यांनी या अंतरावर खूप डोकं खर्च केलेलं असतं. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये तर ते मुद्दाम ऋण ठेवलं होतं, म्हणजे एका बाजूचा ब्रेक निकामी झाला तरी गाडी सरळ थांबावी. असल्या गाडीला कुणी खोल ताटांची चाकं चढवली की तो सगळा विचार वाया जातो.

शिवाय बेअरिंग. चाकाची मध्यरेषा मूळ जागी असते तेव्हा भार दोन्ही बेअरिंगांवर ठरल्याप्रमाणे वाटला जातो. ती बाहेर गेली की हबला वाकवणारा जोर वाढतो, आणि त्यात वळणाचा जोर मिसळला की जुने स्टब ॲक्सल, म्हणजे हब ज्यांवर फिरतो ते आखूड दांडे, थकतात. कमी ऑफसेटची रुंद चाकं लावलेल्या जुन्या गाडीत बेअरिंग आणि स्टब ॲक्सल ही वरचेवर तपासायची, वेळ आली की बदलायची वस्तू समजावी.

स्पेसर, आणि नटांची गोष्ट

हाती असलेल्या चाकाचा ऑफसेट जास्त असेल तर मध्ये धातूची चकती, म्हणजे स्पेसर, घालून ते बाहेर काढता येतं. चांगल्या घडणीचा, हबवर नेमका बसणारा, चाकालाही मध्यभागी धरणारा स्पेसर वाईट नसतो. वाईट असतात त्या दोन-चार वॉशरसारख्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या. स्पेसर जितका जाड, तितका स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो हबवरचा आटेदार दांडा, लांब हवा. नट किमान स्टडच्या व्यासाइतका चढला पाहिजे: १२ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) स्टड असेल तर पूर्ण आठ फेरे. शर्यतीच्या गाड्यांना म्हणूनच आरपार उघडे नट आणि लांब स्टड लावतात. स्टडचं टोक नटाबाहेर आलेलं तपासणाऱ्याला लांबूनच दिसतं.

स्टड ज्या वर्तुळावर बसलेले असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. इथे एक जुना सापळा आहे. मिनीचे चार स्टड ४ इंचांच्या वर्तुळावर असतात, म्हणजे १०१.६ मिलिमीटर. बीएमडब्ल्यू २००२ सारख्या गाड्यांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं. फरक १.६ मिलिमीटर. एकाचं चाक दुसऱ्याच्या स्टडवर चढतं, नट आवळलेही जातात, आणि प्रत्येक स्टड ०.८ मिलिमीटर वाकलेला राहतो. असं चाक मधोमध बसत नाही, थरथरतं, आणि ओढून बसवलेला स्टड कधीतरी तुटतो. पाच स्टडांच्या हबला समोरासमोर स्टड नसतात म्हणून पीसीडी थेट मोजता येत नाही; शेजारच्या दोन स्टडांच्या मध्यांमधलं अंतर ०.५८८ ने भागलं की उत्तर मिळतं.

नटाची बसायची कड हीसुद्धा बघायची गोष्ट. बहुतेक ब्रिटिश आणि जपानी चाकांना शंकूसारखी, ६० अंशांची कड असते. पोर्शच्या चाकांना अर्धगोल. अर्धगोल खाचेत शंकूचा नट आवळला तर तो फक्त एका बारीक कड्यावर टेकतो, टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, बरोबर आकडा दाखवतो, आणि दोन-चार फेऱ्यांनी चाक सैल झालेलं असतं. टॉर्क रेंचवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

मधोमध एकच मोठा नट असलेल्या जुन्या चाकांची तऱ्हा निराळी. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात. एमजीबीसारख्या तारेच्या चाकांच्या गाडीत नट सोडायचा तर तो चाक पुढे जाताना जसं फिरतं त्या दिशेला फिरवायचा. हब बदलताना कुणी डावा उजवीकडे लावला तर तोच नट धावताना सुटू लागतो. बाजू बदलून लावलेले हब ओळखायचे असतील तर नटावरचा ‘अनडू’चा, म्हणजे सोडायची दिशा दाखवणारा, बाण बघा.

धातू आणि वय

तारेची चाकं दिसायला देखणी, पण रुंद आणि चिकट टायरांचा आडवा जोर तारांना सोसत नाही. म्हणूनच जॅग्वारची सी-टाइप तारेच्या चाकांवर धावली आणि १९५४ ची डी-टाइप डनलॉपच्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर आली. एमजीबीला ६० तारांची चाकं होती, ई-टाइपला ७२. शर्यतीसाठी ७२ पेक्षा कमी तारांचा विचार करू नये, आणि आत ट्यूब घालायला विसरू नये. तारांच्या भोकांतून हवा जाते.

पुढच्या काळात मिनीलाइटसारखी मॅग्नेशियमची चाकं आली. मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे वजनात मोठी बचत. तेव्हाची अस्सल मॅग्नेशियम चाकं आजही फिरतात, आणि मला त्यांची भीती वाटते. मॅग्नेशियम गंजतं, रंगाखाली गंजतं, आणि थकवा साठवत राहतं. अशी चाकं रंग पूर्ण काढून, रंगद्रव्याच्या चाचणीने तडे तपासून मगच वापरावीत; तीही दर हंगामाला. नुसती सजवायची असतील तर गोष्ट वेगळी. त्याच नमुन्याची नवी ॲल्युमिनियमची चाकं मिळतात, थोडी जड असतात, आणि नियम परवानगी देत असेल तर शर्यतीला तीच घ्यावीत असं माझं ठाम मत आहे. मूळ पोलादी चाक कापून, मध्ये पट्टी जोडून रुंद केलेलं असेल तर वेल्डिंग कुणी केलं हे कळल्याशिवाय हात लावू नये.

पुढे आणि मागे वेगळी रुंदी हवी का, हा प्रश्न वजनाच्या वाटणीने सुटतो. मागे इंजिन असलेल्या पोर्श ९११ च्या, १९६६ च्या अखेरीस आलेल्या ‘एस’ आवृत्तीवर फुक्स कंपनीची चारही चाकं साडेचार इंची होती. १९७३ च्या करेरा आरएसला पुढे ६ आणि मागे ७ इंच आली, आणि शर्यतीच्या आरएसआरला ९ आणि ११. मागचं जड टोक आधी घसरू नये म्हणून हा फरक. पुढे इंजिन आणि मागून ओढणाऱ्या, वजन जवळपास सारखं वाटलेल्या साध्या गाडीत मागे जास्त रुंद टायर लावले की मागची पकड वाढते आणि गाडी वळणात नाक बाहेर ढकलू लागते. मग ते बरं करायला अँटीरोल बार बदला, कॅम्बर बदला. चारही चाकं सारखी असती तर हा उपद्व्याप टळला असता, शिवाय सुटं चाक कुठेही लागलं असतं.

मैदानात

चाकं चढवून पहिल्या फेऱ्या सावकाश मारा, आत या आणि आधी मडगार्डच्या आतली बाजू हाताने चाचपा. चमकलेला, घासलेला धातू बोटांना लगेच कळतो. मग तापमान. सुईचा थर्मामीटर टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला खुपसा, गाडी थांबल्याबरोबर, रबर निवायच्या आत. मध्य जास्त तापला असेल तर हवा जास्त आहे, किंवा टायरला रिम अरुंद पडतेय. दोन्ही कडा तापल्या आणि मध्य थंड, तर हवा कमी, किंवा रिम फार रुंद. आधी हवा बदलून बघा, ती फुकट असते. हवा योग्य मर्यादेत आणूनही मध्य आणि कडांचा फरक हटत नसेल, तेव्हाच रिमवर संशय घ्या. आतली कड थोडी जास्त तापणं, कॅम्बर असल्यामुळे, ठीकच. तिन्ही जागा थंड राहत असतील तर टायर गाडीला मोठा आहे, आणि पुढच्या खेपेला अर्धा इंच अरुंद रिम आणि त्याला साजेसा टायर लावून घड्याळ बघायला हरकत नाही.

नवीन चाकांचे नट पहिल्या सत्रानंतर, चाक निवल्यावर, पुन्हा एकदा टॉर्क रेंचने बघायचे. रंगाचा थर दबतो, कडा आपली जागा घेतात, आणि एखादा नट पाव फेरा तरी फिरतोच.